पौर्णिमेची मैफल

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संस्थेचे पत्र आले, त्या वेळी आमच्या तुकडीतील आम्ही काही जण योगायोगाने एकत्र जमलो होतो. पहाटेची वंदना, विहिरीवरचे गार पाण्याचे स्नान, भाकरीसाठीची रांग, कंदिलाच्या उजेडातला अभ्यास यांविषयी आमच्या आधीच्या व नंतरच्या विद्यार्थ्यांनी पुष्कळ आणि चांगले लिहिले आहे. त्यात आम्ही निराळी भर काय घालणार, असा विचार चालला असताना कोणी तरी म्हणाले, “मिरजेच्या सतारीचे लिहा.” मग घटकाभर कोणीच बोलले नाही. प्रत्येकाला त्या रात्रीचे काही ना काही आठवत होते. लेखणी एकाच्या हातात असली, तरी हे निवेदन आम्हा सर्वांचे आहे.

ही हकीकत १९८६ सालच्या माघ पौर्णिमेची. आम्ही तेव्हा नववीत होतो. एकूण एकतीस जण. संगीत आम्हाला अपरिचित नव्हते. आमच्या वस्त्यांवर १४ एप्रिलच्या निमित्ताने गायन पार्ट्यांचे कार्यक्रम पहाटेपर्यंत चालत. वामनदादा कर्डकांची गीते आम्हाला पाठ्यपुस्तकातील कवितांच्या आधी पाठ झाली होती. ज्या आयांना अक्षर येत नव्हते, त्यांना या गीतांनीच बाबासाहेब समजावून दिले होते. पण त्या संगीतात राजा शब्द होता. पेटी, ढोलकी, झांज ही सारी शब्दाच्या पाठीशी उभी. त्यामुळे मराठीच्या सरांनी वर्गात येऊन “येत्या पौर्णिमेला सतारवादन ऐकायला मिरजेला जायचे आहे,” असे सांगितले, तेव्हा आमचा पहिला प्रश्न होता, “सर, गाणार कोण?”

“कोणी नाही.”

“मग ऐकायचे काय?”

सर हसले. “तेच ऐकायला जायचे आहे,” एवढेच म्हणाले.

अडचण मात्र निराळीच होती. मैफलीचा दिवस पौर्णिमेचा. आमच्या शाळेत पौर्णिमेला उपोसथ पाळला जाई आणि आठवीपासून पुढचे विद्यार्थी इच्छेनुसार अष्टशील ग्रहण करीत. नृत्य, गीत, वाद्य आणि करमणुकीचे खेळ यांपासून अलिप्त राहणे हे त्या आठांतलेच एक. आदल्या पौर्णिमेला आमच्यापैकी बहुतेकांनी अष्टशील घेतले होते. आता सतारीसाठी ते चुकवायचे? जाण्याची इच्छा होती आणि त्या इच्छेची लाजही वाटत होती. शेवटी आम्ही भन्तेजींकडे गेलो. ते एक तर परवानगी देतील, नाही तर नाकारतील, अशी आमची समजूत. त्यांनी दोन्ही केले नाही.

ते म्हणाले, “बाळांनो, शील मी तुमच्यावर लादत नाही, तेव्हा त्यातून सोडवायलाही मी कोण? ते तुम्ही आपण होऊन घेता. घेतलेत तर पाळा. या वेळी पाळणे जमणार नसेल, तर पंचशील आहेच. पण घेऊन मोडू नका. आणि जाणार असाल, तर नीट ऐका. अर्धवट ऐकून परत येऊ नका.”

ते स्वतः येणार नव्हते. भिक्षूला ते वर्ज्यच. एकतीसांपैकी एकोणतीस जण जायला निघालो. दोघांनी अष्टशील घेतले आणि ते मागे राहिले. त्या दोघांची आम्ही निघताना थट्टा केली होती. तिचे आज वाईट वाटते.

संस्थेच्या टेंपोतून दुपारीच मिरजेला पोहोचलो. कार्यक्रमास अवकाश होता, म्हणून सरांनी आम्हाला सतारमेकर गल्लीत नेले. लहान लहान दुकानांत छतापासून वाळलेले मोठाले भोपळे टांगलेले होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मुलांनी ते लांबूनच ओळखले. त्यांच्याच मुलखातल्या शेतांतून येणारे हे कडू भोपळे. भाजीच्या कामाचे नाहीत. कारागीर ते वाळवतात, आतून कोरून रिकामे करतात आणि मग त्यांवर लाकडी तबकडी व लांब दांडी बसते. सरांनी सांगितले, की या गावात हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून सुरू झाला. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानी लढायांचे दिवस संपले, शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा त्या हातांनी तंबोरे घडवायला घेतले. आम्हाला हे सम्राट अशोकाच्या धड्यासारखे वाटले. तसे आम्ही बोलूनही दाखविले. सर म्हणाले, “अशोकाला कलिंगानंतर पश्चात्ताप झाला होता. इथे पोटाचा प्रश्न होता. पण पिढ्यान् पिढ्यांचे काम सोडून हात नवे काही शिकू शकतात, एवढे यातून घ्या.” त्या वाक्याचा खरा अर्थ आम्हाला त्याच रात्री कळायचा होता.

सभागृहात खुर्च्या नव्हत्या. सतरंज्या अंथरलेली बैठक होती. आमच्या पासांवर पुढची जागा लिहिलेली असताना आम्ही काही न ठरविता सर्वांत मागे, चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसलो. तेथे आम्हाला कोणी बसविले नव्हते. सर आले, पासावरचा मजकूर एकदा वाचून दाखविला आणि उभेच राहिले. मग आम्ही उठलो. ते चार पावलांचे अंतर चालताना पाय जड झाले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. पुढे पोहोचलो, तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी सरकून आम्हाला जागा दिली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. एवढेच झाले. ज्याची भीती होती, त्यातले काही घडले नाही. भीती मात्र खरी होती.

वादक आले. त्यांनी सतारीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग बराच वेळ ते तारा लावीत राहिले. खुंटी पिळायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा किंचित पिळायची. वरच्या तारा झाल्या, तशी त्यांच्या खालच्या बारीक तारांची पाळी आली. त्या तर संपता संपेनात. आमच्यात चुळबुळ सुरू झाली. “हे घरूनच लावून का आणीत नाहीत?” असे एकाने विचारलेही.

मग यमन सुरू झाला. रागाचे नाव निवेदकांनी सांगितले, म्हणून कळले. आलापाला तबल्याची साथ नसते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. एक स्वर येई, लांबे, विरून जाई. मग त्याच्या शेजारचा दुसरा. ठेका केव्हा सुरू होणार, याची आम्ही वाट पाहत होतो. एका जागी वादक थांबले. संपले असे समजून आम्ही एकोणतीस जणांनी कडाडून टाळ्या वाजविल्या. सभागृहात दुसऱ्या कोणीही वाजविल्या नाहीत. वादकांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले, किंचित हसले आणि जिथे थांबले होते, तोच स्वर पुन्हा घेतला. आम्ही शरमेने इतके गप्प झालो, की त्या गप्प होण्यातूनच प्रथम काही ऐकू येऊ लागले.

काय ऐकू आले, हे सांगणे कठीण आहे. नखीने छेडलेली तार थांबली, तरी मागे काही तरी वाजतच राहत होते. कुठून येते ते दिसत नव्हते. आम्ही सरांना हळूच विचारले. ते कानाशी येऊन म्हणाले, “त्या तरफेच्या तारा. त्यांना सहसा कोणी छेडत नाही. वरच्या तारेवर त्यांचा स्वर बरोबर लागला, की त्या आपोआप बोलतात. म्हणून तर इतका वेळ लावीत होते.” त्यानंतर आम्ही मुख्य तारेपेक्षा तिच्या मागचा तो गुंजारवच ऐकत राहिलो. एक जण नंतर म्हणाला, मला सारखी आई आठवत होती. दुसरा म्हणाला, मला काहीच आठवत नव्हते, म्हणून बरे वाटत होते. एवढे मात्र सर्वांच्या लक्षात आले, की आयुष्यात प्रथमच आपण असे काही ऐकत आहोत, जे आपल्याला काही शिकवीत नाही, बजावीत नाही, उठा म्हणत नाही. आमच्या गीतांचे ऋण त्यामुळे तसूभरही कमी होत नव्हते. त्या गीतांनी आम्हाला उभे केले होते. पण उभे राहिलेल्या माणसाला कधी नुसते बसून ऐकण्याचाही अधिकार असतो, हे आम्हाला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हते.

गत सुरू झाली, तबला आला, आणि आमच्यातील एक मुलगा ताठ बसला. एरवी वर्गात तो फारसा न बोलणारा. त्याच्या उजव्या हाताची बोटे मांडीवर चालू लागली. सर आम्हाला तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजून दाखवीत होते आणि आम्ही दर वेळी चुकत होतो. सतार कुठल्या कुठे जाई, आता लय सुटली असे वाटे आणि नेमकी समेवर येऊन उतरे. त्या क्षणी पुढे बसलेले जाणकार मान हलवीत. त्यांच्याबरोबर, कधी त्यांच्याही आधी, हा मुलगा मान हलवी. “तू हे कुठे शिकलास?” असे आम्ही विचारले, तेव्हा तो गोरामोरा झाला. “कुठं नाही,” म्हणाला आणि त्याने हात मांडीखाली दडपला.

मैफल संपल्यावर आम्ही व्यासपीठाजवळ गेलो. तबलावादक तबला मखमली खोळीत ठेवण्याच्या तयारीत होते. त्या मुलाने विचारले, “हे कशाचं असतं?”

“पुडी बकऱ्याच्या कातड्याची. या वाद्या म्हशीच्या कातड्याच्या. मधल्या काळ्या शाईत लोखंडाची पूड असते. लाव की हात.”

मुलाने हात पुढे केला आणि मागे घेतला. “लाव रे, काही होत नाही,” ते प्रेमाने म्हणाले. हात मागे का गेला, हे त्यांना कळण्याजोगे नव्हते. आम्हालाही ते परतीच्या वाटेवर कळले.

चंद्र डोक्यावर आला होता. टेंपोत थंडी वाजत होती. त्या मुलाने आपणहून सांगायला सुरुवात केली. त्याचे आजोबा हलगी वाजवीत. गावात लग्न असो, जत्रा असो की मयत असो, वस्तीच्या तोंडाशी येऊन कोणी तरी नुसती हाक मारी आणि आजोबा हातातला घास टाकून निघत. हलगीला जाळाची आच दाखवून ती कडक करायची आणि मांडवाबाहेर, देवळाबाहेर उन्हात उभे राहून वाजवायची. सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले पदरात घ्यायचे. १९५७ साली त्यांच्या वस्तीने धम्मदीक्षा घेतली. गावकी सोडली, मेलेली ढोरे ओढणे बंद केले. गावाने काही महिने वस्तीला काम दिले नाही, दुकानातून मीठ-मिरची दिली नाही. त्याच दिवसांत आजोबांनी हलगी खुंटीवरून काढली आणि नाहीशी केली. तिचे काय केले, ते घरात कोणाला ठाऊक नव्हते. पुन्हा त्या घरात वाद्य आले नाही. पोरांनी जेवताना ताटावर बोटे वाजविलेलीही आजोबांना खपत नसत.

बराच वेळ आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. अशा गोष्टी थोड्याफार फरकाने आमच्या बऱ्याच घरांत होत्या. कोठे सनई होती, कोठे डफडे. आम्हाला राहून राहून ती मखमली खोळ आठवत होती. कातडे तेच. एका ठिकाणी त्याला हात लावून तो कपाळाला लावतात आणि वाजविणारा गादीवर बसतो. दुसऱ्या ठिकाणी ते वाजविणारा मांडवाबाहेर उभा. दोष कातड्याचा असता, तर तो दोन्हीकडे असता.

अंधारातून सरांचा आवाज आला, “बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, तुम्हाला ठाऊक आहे?”

आम्हाला ठाऊक नव्हते. आमच्या वर्गातील तसबिरीत त्यांच्या हातात ग्रंथ होता. संविधानाचे आणि धम्माचे एवढे काम डोक्यावर असताना त्यांना व्हायोलिन कशासाठी हवे होते, असे एकाने विचारले.

“वाटले म्हणून,” सर म्हणाले. “त्याला आणखी कारण कशाला लागते?”

दुसऱ्या दिवशी वंदनेनंतर भन्तेजींनी आम्हाला थांबवून घेतले आणि विचारले, “काय ऐकलेत?” ठरवून ठेवलेली वाक्ये कोणाच्या तोंडून निघेनात. अखेर एकाने खरे तेच सांगितले, “भन्ते, सगळ्यांत जास्त वेळ तारा लावणेच ऐकले.” आम्ही हसलो. भन्तेजी हसले नाहीत. त्यांनी आम्हाला अंगुत्तर निकायातील सोणाची कथा सांगितली.

सोण कोळिविस हा चंपानगरीतल्या धनाढ्य घरचा मुलगा. भिक्षू झाल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने इतका कठोर प्रयत्न आरंभला, की चालता चालता ध्यान करताना तळपाय फुटून रक्त येऊ लागले. तरीही चित्त मुक्त होईना. आता घरी परत जावे, असे त्याच्या मनात आले. घरी असताना तो वीणा उत्तम वाजवीत असे. भगवंतांनी त्याला त्या वीणेविषयीच विचारले. तारा अति ताणल्या तर वीणा नीट वाजते का? अति सैल सोडल्या तर? आणि ना ताठ ना सैल, बेताने लावल्या तर? सोणाला उत्तर आपल्याच हातांतून ठाऊक होते. प्रयत्नाचेही तसेच असते, हे मग त्याला वेगळे समजवावे लागले नाही.

भन्तेजी म्हणाले, “पाहा, वीणा वाईट होती, ती विसर, असे भगवंतांनी त्याला सांगितले नाही. त्याला जे येत होते, त्यातूनच वाट दाखविली.”

हलगीच्या घरातला तो मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्याने विचारले, “मग भन्ते, पौर्णिमेला वाद्य वर्ज्य का?”

“एक दिवस उपास केला, म्हणजे अन्न वाईट ठरते का? सोडून पाहिल्यावर कळते, आपण त्याचे धनी आहोत की दास.”

मग त्यांनी मागे राहिलेल्या दोघांकडे पाहिले. “आणि तुम्ही काय ऐकलेत?”

“रातकिडे, भन्ते. आणि मध्यरात्री टेंपो.”

आता भन्तेजी हसले. “तुम्हीही नीट ऐकलेत,” असे म्हणून ते उठले. ज्यांनी मैफल ऐकली नव्हती, त्यांनीच आम्हाला ती समजावून दिली, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली.

त्या उन्हाळ्याच्या सुटीत तो मुलगा गावी गेला आणि एका दुपारी त्याने आजोबांना सगळे सांगितले. सतार, तबला, पुढची जागा, खोळ, सारे. आपण तबल्याला हात लावला नाही, हेही सांगितले. आजोबा बराच वेळ बाहेर बघत बसले. मग म्हणाले, “वाजवनं वाईट न्हवतं रं. बलावनं वाईट हुतं.” नंतर त्यांनी खाटेच्या माच्यावर दोन बोटांनी एक ठेका धरला. क्षणभरच. सुनेची चाहूल लागली, तशी बोटे थांबली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्याने आम्हाला हे सांगितले आणि तो ठेका वाजवून दाखविला. आमच्यापैकी प्रत्येकाला तो आजही येतो.

त्या मुलाने पुढे तबला शिकला असे लिहिता आले असते, तर लेख गोड झाला असता. तसे झाले नाही. जवळपास शिकविणारे कोणी नव्हते आणि दहावीनंतर घराला नोकरीची निकड होती. आज त्याची मुलगी तबला शिकते. तिला क्लासला तोच घेऊन जातो आणि आत बसून ऐकतो. आजोबा आता नाहीत. भन्तेजीही नाहीत.

आमच्या वडीलधाऱ्यांनी वाजविणे सोडले, ते माणूस म्हणून जगता यावे म्हणून. त्यांच्या त्या नकाराचा आम्हाला अभिमान आहे. तो नकार नसता, तर आम्ही या शाळेच्या पायरीपर्यंतही आलो नसतो. त्या रात्री मिरजेत आम्ही पुढे जाऊन बसलो आणि ऐकले, तेही त्याच कारणासाठी, असे आम्हाला आता वाटते. एका पिढीने हाकेला जाणे थांबविले, म्हणून पुढची पिढी आपल्या पायांनी मैफलीला जाऊ शकली.

या वर्धापनाच्या निमित्ताने आमच्या तुकडीकडून तबल्याची एक जोडी आणि मिरजेत घडविलेली एक सतार शाळेला भेट देत आहोत. त्यांवर कोणाचे नाव घातलेले नाही. काही विनंत्या मात्र आहेत. पौर्णिमेला ही वाद्ये खोळीतच राहावीत. एरवी ज्या मुलाला वा मुलीला वाटेल, त्यांनी निःशंक हात लावावा. पाहुणे आले म्हणून कोणाही मुलाला हाक मारून वाजवायला उभे करू नये. आणि कोणी एखादा बराच वेळ नुसत्या तारा लावीत बसलेला दिसला, तर कृपा करून त्याला घाई करू नये.